राउटरच्या यूएसबी पोर्टवरून प्रिंटर आणि हार्ड डिस्क सगळ्यांना कशी वापरू द्यायची

चार कॉम्प्युटरच्या ऑफिसात प्रिंटर बहुतेक वेळा एकाच मशीनला यूएसबीने बांधलेला असतो. ते मशीन बंद असलं किंवा त्यावर अपडेट चालू असलं की बाकीच्यांच्या प्रिंट अडतात. विंडोजमधून प्रिंटर शेअर करायची जुनी सोय आहे. पण जुलै २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमधली (विंडोजच्या छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागातली) 'प्रिंटनाइटमेअर' ही त्रुटी गाजली, मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून शेअर केलेला प्रिंटर जोडताना ०एक्स०००००११बी हा एरर ठिकठिकाणी यायला लागला. रजिस्ट्रीत एक नोंद घालून तो घालवता येतो, पण तसं करताना त्या अपडेटने दिलेलं संरक्षणच आपण काढून टाकतो. त्यापेक्षा जो डबा चोवीस तास चालूच असतो, त्या राउटरला प्रिंटर जोडणं सोपं.

मात्र राउटरला यूएसबी पोर्ट आहे एवढ्यावर काम होत नाही. त्या एकाच पोर्टमधून शेअरिंग तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी होतं. आपल्या वस्तूला कुठली तऱ्हा चालते हे आधी ठरवलं नाही, तर पुढचे चार तास ड्रायव्हर काढण्या-घालण्यात जातात.

पहिली तऱ्हा फाइल शेअरिंगची. डिस्क किंवा पेनड्राइव्ह राउटर स्वतः वाचतो आणि त्यावरची फोल्डरं नेटवर्कवर देतो. एका वेळी अनेक जण वापरू शकतात.

दुसरी प्रिंट सर्व्हरची. कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर जो डेटा तयार करतो, तो राउटर ९१०० किंवा ५१५ या पोर्ट क्रमांकावर (हा पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, नेटवर्कवरच्या दाराचा क्रमांक) घेतो आणि जसाच्या तसा प्रिंटरकडे ढकलतो. त्यात काय आहे हे राउटरला कळत नाही, कळायची गरजही नसते. एकाचं काम संपलं की दुसऱ्याचं.

तिसरी यूएसबी ओव्हर नेटवर्क. इथे यूएसबी केबलमधून होणारी सगळी देवाणघेवाणच राउटर नेटवर्कवरून पाठवतो. कॉम्प्युटरवर एक छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, आणि मग विंडोजला वाटतं की वस्तू आपल्यालाच लावलेली आहे. जवळपास कुठलीही वस्तू चालते, पण एका वेळी एकाच कॉम्प्युटरला.

सुरुवातीला काय बघायचं

राउटरच्या अॅडमिन पानावर जा. पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तिथे यूएसबीच्या विभागात 'प्रिंट सर्व्हर' असा पर्याय दिसतो का बघा. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यालाही बऱ्याचदा यूएसबी पोर्ट असतो, पण त्यात फक्त डिस्कची सोय असते किंवा तीही नसते. पर्यायच नसेल तर प्रिंटर लावून काही होणार नाही. राउटर नवीन घ्यायचा असेल तर खोक्यावरचं 'यूएसबी' वाचून थांबू नका. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं, त्याच हार्डवेअर आवृत्तीचं पान उघडून 'प्रिंट सर्व्हर' हे शब्द शोधा. एकाच नावाच्या राउटरच्या दोन आवृत्त्यांत ही सोय वेगळी असू शकते.

प्रिंटरलाच लॅनचा पोर्ट किंवा वायफाय असेल तर यातलं काहीच करू नका. तो थेट नेटवर्कवर घ्या, राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या, विभागात त्याचा आयपी पत्ता राखून ठेवा, की झालं.

यूएसबी २.० ची केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, लॅनची केबल १०० मीटर जाते. त्यामुळे प्रिंटर लांब असेल तर यूएसबी केबल वाढवत बसण्यापेक्षा राउटर प्रिंटरजवळ न्या आणि त्याच्यापर्यंत कॅट ५ई किंवा कॅट ६ ओढा.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते: दोन राउटर. फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो, त्याच्या मागे आपण आपला यूएसबीवाला राउटर लावतो आणि दोघांचंही वायफाय चालू ठेवतो. मग बाहेरच्या डब्याच्या वायफायवरचा लॅपटॉप १९२.१६८.२९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर आणि प्रिंटर लावलेला राउटर आत १९२.१६८.० च्या नेटवर्कमध्ये, अशी अवस्था होते. आतल्या राउटरचा नॅट (दोन नेटवर्कमध्ये पत्ते बदलणारा भाग) बाहेरून आलेली जोडणी आत सोडत नाही, त्यामुळे त्या लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही. आतून बाहेर मात्र जाता येतं. म्हणून 'एका लॅपटॉपवरून होतंय, दुसऱ्यावरून नाही' अशी तक्रार आली की आधी दोन्हींचे आयपी पत्ते बघा. टिंबांनी वेगळे केलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन जुळले पाहिजेत.

उपाय दोन आहेत. बाहेरच्या डब्याचं वायफाय बंद करून सगळी मशीन आतल्या राउटरवर आणायची, हा पहिला. किंवा आतला राउटर 'अॅक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाकायचा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता बाहेरच्याच नेटवर्कचं वायफाय पुढे देतो. तसं केलं की त्याचा स्वतःचा पत्ता बदलतो, तो आता बाहेरचा डबा देतो. तो पत्ता बाहेरच्या डब्यात राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर बदलेल आणि सगळ्यांचे प्रिंटर एकदम ऑफलाइन होतील. या मोडमध्ये यूएसबीची सोय सुरू राहते का, हे त्या मॉडेलच्या माहितीत आधी बघून घ्या. गेस्ट वायफायवरून तर काहीच दिसणार नाही, ते त्यासाठीच वेगळं ठेवलेलं असतं.

प्रिंटरची भाषा ओळखा

प्रिंट सर्व्हरवाली तऱ्हा चालेल की नाही हे प्रिंटरच्या भाषेवर ठरतं. माहितीपत्रकात 'प्रिंटर लँग्वेज' अशी ओळ असते. तिथे पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट किंवा ईएससी/पी असं असेल तर निर्धास्त पुढे जा. 'होस्ट बेस्ड', 'जीडीआय' किंवा 'कॅप्ट' असं असेल तर जरा थांबा. या स्वस्त लेझर प्रिंटरांमध्ये पान रचण्याचं काम कॉम्प्युटर करतो आणि प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. ए४ पान ६०० डीपीआयला म्हणजे ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, दाबून लहान केलं नाही तर एका काळ्या-पांढऱ्या पानाला सव्वाचार एमबीच्या वर डेटा. शिवाय यातल्या काहींना छापता छापता कॉम्प्युटरशी उलटसुलट बोलावं लागतं, आणि साधा प्रिंट सर्व्हर तर फक्त एका दिशेने ढकलतो.

आपल्याकडच्या ऑफिसांत हमखास दिसणारे तीन प्रिंटर घेऊ.

कॅनन एलबीपी २९०० बी कॅप्ट भाषा बोलतो. त्याचा ड्रायव्हर प्रिंटरकडून सतत उत्तरं मागतो. ९१०० पोर्टवर लावला तर काम रांगेत जातं, 'प्रिंटिंग' दाखवतं आणि कागद हलत नाही. ड्रायव्हर कितीदाही टाकला तरी हे बदलत नाही. त्याला तिसरीच तऱ्हा लागते.

एचपी लेझरजेट १०२० प्लसचा प्रश्न निराळा आहे. त्याच्या स्वतःच्या पोटात फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, साठवलेलं नसतं. दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटर यूएसबीवरून ते त्याच्या रॅममध्ये भरतो. राउटरला लावून चालू केला तर ते भरणारं कोणी नसतं आणि प्रिंटर गप्प बसतो. तात्पुरती युक्ती अशी, की आधी कॉम्प्युटरला लावून चालू करायचा, चाचणीचं पान काढायचं आणि बटण बंद न करता फक्त यूएसबी केबल उपसून राउटरला लावायची. वीज जाईपर्यंत चालतो. कायमचं करायचं तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली) टाकलेला राउटर हवा. त्यात प्रिंटर लागताच फर्मवेअरची फाइल आपोआप पाठवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवता येते. नाहीतर इथेही तिसरी तऱ्हा.

टीव्हीएसचे एमएसपी मालिकेतले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र राउटरवर सगळ्यात गुणी. नुसता मजकूर आणि ईएससी/पीचे संकेत असल्याने ढकललं ते छापलं. जुन्याला फक्त पॅरलल पोर्ट असेल तर यूएसबी ते पॅरलल केबल लावा. ती राउटरला यूएसबी प्रिंटर म्हणूनच दिसते. मराठी बिलं छापताना तो रखडत चालतो, ते राउटरमुळे नव्हे. विंडोजमधून देवनागरी चित्र म्हणून जाते आणि प्रिंटरचं डोकं प्रत्येक ओळीसाठी पुन्हा पुन्हा फिरतं.

प्रिंट सर्व्हरची जोडणी, विंडोजवर

प्रिंटर बंद ठेवून त्याची यूएसबी राउटरला लावा, मग प्रिंटर चालू करा. अॅडमिन पानावर प्रिंटरचं नाव उमटलं पाहिजे. मध्ये हब असेल आणि नाव येत नसेल तर हब काढून बघा. नाव आल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावू नका.

ड्रायव्हरचं सेटअप बऱ्याचदा 'आता यूएसबी केबल लावा' म्हणून अडून बसतं. वाद घालू नका. प्रिंटर पाच मिनिटं त्या कॉम्प्युटरला थेट लावा, ड्रायव्हर बसू द्या, चाचणीचं पान काढा. ड्रायव्हर आणि प्रिंटर दोन्ही ठीक असल्याची खात्री इथेच होते. मग प्रिंटर परत राउटरला, आणि कॉम्प्युटरवर फक्त पोर्ट बदलायचा:

१. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे आपला प्रिंटर आणि त्यात 'प्रिंटर प्रॉपर्टीज'. नुसतं 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' नव्हे, ते वेगळं.

२. 'पोर्ट्स' टॅबवर 'अॅड पोर्ट', मग 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट', मग 'न्यू पोर्ट'.

३. पत्त्याच्या जागी राउटरचा आयपी टाका, प्रिंटरचा नव्हे. प्रिंटरला स्वतःचा पत्ता नसतोच.

४. विंडोज थोडा वेळ शोधेल आणि 'डिव्हाइस ओळखता आलं नाही' अशा अर्थाचं पान दाखवेल. हा बिघाड नाही, राउटर प्रिंटरसारखी उत्तरं देत नाही एवढंच. 'कस्टम' निवडा, 'सेटिंग्ज' दाबा.

५. प्रोटोकॉल 'रॉ', पोर्ट ९१००. राउटर एलपीआर (५१५ पोर्टवरची पद्धत) मागत असेल तर 'एलपीआर' निवडून रांगेचं नाव द्या. आसूसच्या राउटरवर ते 'एलपीआरसर्व्हर' असं आहे, इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता.

६. त्याच खिडकीत खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' समोरची खूण काढा. ही पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते.

७. परत 'पोर्ट्स' टॅबवर येऊन 'एनेबल बायडायरेक्शनल सपोर्ट'ची खूणही काढा, अप्लाय करा आणि 'जनरल' टॅबवरून चाचणीचं पान काढा.

मॅकवर 'प्रिंटर जोडा'मध्ये आयपीचा टॅब निवडून प्रोटोकॉल 'एचपी जेटडायरेक्ट – सॉकेट' घ्या, पत्ता तोच. ड्रायव्हर मात्र हाताने निवडा. आपोआप येणारा 'जेनेरिक' ड्रायव्हर पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्टचा असतो आणि होस्ट बेस्ड प्रिंटरला तो समजत नाही.

अडलं तर

'प्रिंटर ऑफलाइन' दाखवतोय पण बाजूच्या कॉम्प्युटरवरून प्रिंट निघतेय: सहाव्या पायरीची खूण राहिली. विंडोज एसएनएमपीने प्रिंटरची खुशाली विचारतं, राउटर उत्तर देत नाही आणि विंडोज त्याला मेलेला समजून काम पाठवतच नाही.

पानामागून पान, प्रत्येकावर एखाद-दोन ओळी विचित्र चिन्हं: चुकीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरला न कळणारी भाषा. आधी कागदाचा ट्रे ओढून काढा, मग रांग रिकामी करा, मग प्रिंटर बंद-चालू करा. उलट क्रमाने गेलात तर रिम संपेल.

अर्धं पान छापून थांबतो: वायफाय कमजोर आहे किंवा राउटरची मेमरी तुटपुंजी आहे. वर सांगितलेले चार-चार एमबी प्रत्येक पानामागे जात असतात. तोच लॅपटॉप लॅन केबलने राउटरला लावून तेच पान काढा. निघालं तर दोष वायफायचा.

सगळ्यांच्या प्रिंट एकदम अडल्या: कोणीतरी प्रिंट देऊन लॅपटॉपचं झाकण लावून निघून गेलं असेल. ९१०० पोर्टवर एका वेळी एकाच कॉम्प्युटरची जोडणी राहते, ती अर्धवट लटकली की बाकीचे खोळंबतात. प्रिंटर बंद-चालू करा, तरी सुटलं नाही तर राउटर.

रांगेतलं काम 'डिलीटिंग' दाखवत तसंच पडून आहे: त्या कॉम्प्युटरवर 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' थांबवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरातल्या फाइली पुसा, फोल्डर पुसू नका. मग स्पूलर पुन्हा सुरू करा.

शाईची पातळी दिसत नाही, स्कॅन होत नाही: होणारच नाही. प्रिंट सर्व्हरमधून प्रिंटरची उत्तरं परत येत नाहीत. ऑल-इन-वनमधला स्कॅनर हवा असेल तर पुढे वाचा.

यूएसबी ओव्हर नेटवर्क

टीपी-लिंकच्या यूएसबीवाल्या राउटरांसाठी 'यूएसबी प्रिंटर कंट्रोलर' हे सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवर मिळतं. इतर कंपन्यांची अशीच वेगळ्या नावांची सॉफ्टवेअर आहेत. क्रम महत्त्वाचा: प्रत्येक कॉम्प्युटरवर आधी प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर, वरच्याप्रमाणे थेट यूएसबी लावूनच; मग हे सॉफ्टवेअर. ते उघडलं की राउटर आणि त्याला लावलेला प्रिंटर यादीत दिसतो. त्यावर क्लिक करून 'ऑटो-कनेक्ट फॉर प्रिंटिंग' मध्ये आपला विंडोजमधला प्रिंटर नेमून द्या. आता प्रिंट दिली की सॉफ्टवेअर प्रिंटर ताब्यात घेतं, छापून झाल्यावर सोडून देतं. ऑफिसातल्या गर्दीला हे पुरतं. इथे पोर्टमध्ये काहीही बदलायचं नाही, तो यूएसबीचाच राहू द्या.

स्कॅनसाठी मात्र 'कनेक्ट' हाताने दाबावं लागतं आणि काम झाल्यावर 'डिस्कनेक्ट'. हे दुसरं विसरलं की प्रिंटर त्याच कॉम्प्युटरकडे अडकून राहतो. बाकीच्यांना यादीत 'वापरात आहे' असं आणि कोणाकडे आहे तेही दिसतं, म्हणजे कोणाला हाक मारायची ते कळतं.

राउटर यादीतच आला नाही तर विंडोज फायरवॉल बघा. नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर 'प्रायव्हेट' करा आणि या सॉफ्टवेअरला परवानगी द्या. दोन राउटरांच्या गोंधळात हे सॉफ्टवेअर सगळ्यात आधी मान टाकतं, कारण ते राउटरला नेटवर्कभर हाक मारून शोधतं आणि ती हाक दुसऱ्या नेटवर्कमध्ये पोचत नाही.

एक सावधगिरी. अनेक कंपन्यांच्या राउटरांत या कामासाठी केकोड्स कंपनीचा 'नेटयूएसबी' हा एकच भाग वापरलेला आहे. त्यात मे २०१५ मध्ये एसईसी कन्सल्टने आणि जानेवारी २०२२ मध्ये सेंटिनेलवनने गंभीर त्रुटी जाहीर केल्या. तो २०००५ पोर्टवर चालतो. राउटरचं फर्मवेअर अद्ययावत करा, आणि कंपनीने त्या मॉडेलची अपडेट बंद केली असतील तर ही सोय वापरू नका.

हार्ड डिस्क

इथे पहिला अडथळा विजेचा. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९००. अडीच इंची पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना काही क्षण एक अँपिअरच्या आसपास मागू शकते. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या अॅडॉप्टरवरचा राउटर म्हणजे एकूण १२ वॅट, त्यातले चार-साडेचार डिस्कच खाणार. लक्षणं ठरलेली: डिस्कमधून टक-टक आवाज, यादीत येते-जाते, कधी राउटरच रीस्टार्ट. स्वतःचा अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा, किंवा वेगळा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क घ्या. राउटर मिनी यूपीएसवर असेल तर डिस्कचा भारही त्यावर येतो आणि बॅकअपची वेळ घटते, हे धरून चला.

दुसरा अडथळा फॉरमॅटचा. फॅट३२ सगळीकडे चालतं पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लग्नाचं शूटिंग कॉपी करताना मध्येच एरर येतो तो यामुळे. एनटीएफएस बाजारातले बहुतेक राउटर वाचतात, म्हणून विंडोजच्या ऑफिसात तेच धरा. एक्सफॅट चालतं का ते मॉडेलवर आहे. बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क राउटरला वाचता येत नाही.

वायरलेसवर परिणाम होतो हे फार कमी जणांना माहीत असतं. यूएसबी ३.० च्या केबलमधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो, इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डिस्क लावल्यापासून लांबच्या खोलीतलं वायफाय अशक्त झालं असेल तर डिस्क अँटेनांपासून दूर सरकवा, चांगली शिल्ड असलेली केबल वापरा, किंवा राउटरमध्ये असेल तर पोर्ट 'यूएसबी २.० मोड'वर ठेवा. १०० एमबीपीएसचे लॅन पोर्ट असलेल्या राउटरवर वेग तसाही सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकतो, त्यामुळे यूएसबी २.० ने तिथे काही बिघडत नाही. त्या वेगाने ५० जीबीला सव्वा तास लागतो. पहिला मोठा बॅकअप डिस्क थेट कॉम्प्युटरला लावून घ्या, रोजचा नेटवर्कवरून.

अॅडमिन पानावर फाइल शेअरिंग चालू करताना पासवर्ड आवर्जून लावा. पूर्वी बिनपासवर्डचं चालायचं. आता विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पाहुण्याची जोडणी मुळातच बंद असते आणि एसएमबीची (विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची) स्वाक्षरी सक्तीची आहे. नंतर कॉम्प्युटरवर 'धिस पीसी'मध्ये 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह', अक्षर झेड, पत्ता म्हणून दोन उलट्या तिरप्या रेघा, राउटरचा आयपी, एक उलटी तिरपी रेघ आणि फोल्डरचं नाव. 'कनेक्ट युझिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स'वर खूण करून राउटरवरचं नाव-पासवर्ड द्या.

०एक्स८००७००३५ हा एरर आला तर पत्ता आधी तपासा. तो बरोबर असेल तर संशय एसएमबी १ वर. जुने राउटर एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती बोलतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतल्या भोकातून पसरला, आणि त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून ती काढायला सुरुवात केली. 'विंडोज फीचर्स'मधून ती परत चालू करा असा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. राउटरचं फर्मवेअर बदला, ते नसेल तर राउटर बदला. १२१९ क्रमांकाचा एरर आला तर त्याच राउटरशी तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने जोडलेले आहात. लॉग आउट करून परत या.

चालू हिशेबाचा डेटा, म्हणजे टॅलीची कंपनी वगैरे, या डिस्कवर ठेवू नका. फाइल लिहिता लिहिता वायफाय तुटलं किंवा राउटर रीस्टार्ट झाला तर डेटा बिघडतो. तिथे बॅकअप ठेवा. तोही असा, की बॅकअपच्या सॉफ्टवेअरला राउटरवर वेगळं नाव-पासवर्ड द्या आणि ते फोल्डर कोणाच्याही कॉम्प्युटरवर ड्राइव्ह म्हणून लावू नका. खंडणीखोर व्हायरस झेड ड्राइव्हही सोडत नाही.

डिस्क काढताना अॅडमिन पानावर 'सेफली रिमूव्ह' दाबा. वीज जाऊन आल्यावर डिस्क दिसत नसेल किंवा नुसती वाचता येत असेल, तर ती विंडोजला थेट लावून प्रॉपर्टीजच्या 'टूल्स'मधून 'एरर चेकिंग' चालवा.

काही वस्तू राउटरला लावायच्याच नाहीत. डिजिटल सिग्नेचरचा टोकन तिसऱ्या तऱ्हेने तांत्रिकदृष्ट्या शेअर होईलही, पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे खासगी कीवरचा ताबा सांभाळण्याची जबाबदारी ज्याची सही त्याचीच आहे. सगळ्या ऑफिसला खुला केलेला टोकन म्हणजे ताबा सोडणंच. आधारसाठीचं बोटांच्या ठशांचं यंत्रही, ज्या कॉम्प्युटरवर त्याची आरडी सर्व्हिस (त्या यंत्राचं नोंदणीकृत सॉफ्टवेअर) चालते, त्यालाच लावलेलं बरं.

मोबाइलवरून प्रिंट

छापण्याच्या वरच्या दोन्ही तऱ्हांत मोबाइल बाहेर राहतो, कारण फोनवर प्रिंटरचा ड्रायव्हर नसतो. तो पीडीएफ किंवा तयार चित्र आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलने, ६३१ पोर्टवर, देऊ पाहतो आणि पलीकडे ते समजून प्रिंटरच्या भाषेत बदलणारं कोणीतरी लागतं. त्यासाठी रास्पबेरी पाय ३ किंवा ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घ्या, तो लॅनने राउटरला जोडा, प्रिंटर पायला लावा आणि त्यावर कप्स (लिनक्सचं छपाईचं सॉफ्टवेअर) व अवाही (प्रिंटर आहे हे नेटवर्कवर कळवणारं) टाका. कप्समध्ये प्रिंटर शेअर केला की आयफोनला तो एअरप्रिंट म्हणून आणि अँड्रॉइडला नेहमीच्या प्रिंटच्या यादीत दिसतो. एचपी १०२० साठी फू२झेडजेएस हा ड्रायव्हर वापरा. फर्मवेअरची फाइल एकदा उतरवून दिली की दर वेळी ती भरण्याचं काम तोच करतो, केबल उपसायची युक्ती संपली. कॅनन २९०० चा कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर मात्र इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठीच आहे, पायवर तो बसत नाही. त्याच्यासाठी पायऐवजी एखादा जुना इंटेलचा कॉम्प्युटर लिनक्स टाकून वापरता येतो.

कॉम्प्युटरवरून प्रिंट निघते पण फोनला प्रिंटर दिसत नाही, असं झालं तर कप्सला हात लावू नका. फोन शोध घेतो तो ५३५३ पोर्टवरच्या एमडीएनएसने. राउटरमधलं 'एपी आयसोलेशन' किंवा 'आयजीएमपी स्नूपिंग' ही हाक अडवतं. दोन्ही एकेक करून बंद करा आणि फोनचं वायफाय बंद-चालू करून पुन्हा बघा.